रेल्वेने नागपूर, मेट्रोने कामावर: अप-डाउन करणाऱ्यांसाठी जोडप्रवासाचा पक्का हिशेब

वर्धा, सिंदी, बुटीबोरी, काटोल, नरखेड, कामठी, भंडारा रोड, रामटेक. या गावांतून रोज हजारो माणसं नागपुरात कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. पूर्वी स्टेशनवर उतरलं की ऑटोवाल्याशी घासाघीस किंवा सिटी बसची वाट, एवढेच पर्याय होते. आता मेट्रोच्या दोन्ही मार्गिका पूर्ण चालू आहेत. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही उत्तर-दक्षिण ऑरेंज लाइन, प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर ही पूर्व-पश्चिम अ‍ॅक्वा लाइन, आणि दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. खापरी ते सीताबर्डी हा पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि ११ डिसेंबर २०२२ ला उरलेले भाग सुरू होऊन जाळं पुरं झालं.

तरीही रेल्वे आणि मेट्रो दोन्ही वापरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची रोज वीस-पंचवीस मिनिटं वाया जातात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: चुकीच्या रेल्वे स्टेशनवर उतरणं किंवा बरोबर स्टेशनच्या चुकीच्या बाजूने बाहेर पडणं. वेग गाडी ठरवते, पण तुमचा वेळ वाचतो की जातो ते या दोन निर्णयांवर ठरतं. म्हणून हिशेब शेवटाकडून सुरू करायचा.

आधी कामाची जागा, मग मेट्रो स्टेशन, शेवटी रेल्वे स्टेशन

कागदावर आधी कामाच्या जागेजवळचं मेट्रो स्टेशन लिहा. "नागपूरला उतरायचं" हे आधीच ठरवून टाकू नका.

ऑरेंज लाइनवर उत्तरेकडून दक्षिणेकडे स्टेशनं अशी येतात: ऑटोमोटिव्ह चौक, नारी रोड, इंदोरा चौक, कडबी चौक, गड्डीगोदाम, कस्तुरचंद पार्क, झिरो माइल, सीताबर्डी, काँग्रेसनगर, रहाटे कॉलनी, अजनी चौक, छत्रपती चौक, जयप्रकाशनगर, उज्ज्वलनगर, एअरपोर्ट, एअरपोर्ट साउथ, न्यू एअरपोर्ट, खापरी. अ‍ॅक्वा लाइनवर पूर्वेकडून पश्चिमेकडे: प्रजापतीनगर, वैष्णोदेवी चौक, आंबेडकर चौक, टेलिफोन एक्स्चेंज, चितार ओळी, अग्रसेन चौक, दोसर वैश्य चौक, नागपूर रेल्वे स्टेशन, कॉटन मार्केट, सीताबर्डी, झाशी राणी चौक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, शंकरनगर, एलएडी चौक, धरमपेठ कॉलेज, सुभाषनगर, रचना रिंग रोड, वासुदेवनगर, बन्सीनगर, लोकमान्यनगर.

अंदाजासाठी दर स्टेशनमागे दोन मिनिटं धरा. प्रत्यक्षात सेकंद इकडेतिकडे होतात, पण हा आकडा फसवत नाही. नागपूर रेल्वे स्टेशन ते लोकमान्यनगर बारा स्टेशनं, म्हणजे चोवीस-पंचवीस मिनिटं. हिंगणा एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याने हा आकडा पाठच करून ठेवावा.

नावांच्या बाबतीत दोन ठिकाणी नवी माणसं हमखास फसतात. पहिलं अजनी. मेट्रोचं "अजनी चौक" स्टेशन वर्धा रोडवर आहे. अजनी रेल्वे स्टेशनला सगळ्यात जवळचं मेट्रो स्टेशन मात्र काँग्रेसनगर. पुण्याची गाडी पकडायला अजनीला निघालेला माणूस नाव पाहून अजनी चौकाला उतरला, तर दोन स्टेशनं पुढे गेला. मग बॅग घेऊन ऑटो शोधायची, तीही घाईत. दुसरं एअरपोर्ट. विमानतळाच्या टर्मिनलला जायचं असेल तर "एअरपोर्ट" याच स्टेशनवर उतरायचं. "एअरपोर्ट साउथ" आणि "न्यू एअरपोर्ट" पुढे आहेत. "एअरपोर्ट" स्टेशनहूनही टर्मिनल चालत जाण्याइतकं जवळ नाही, सामान असेल तर ऑटो धरूनच चाला.

कोणत्या रेल्वे स्टेशनवर उतरायचं

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाचतो किंवा वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

*वर्धा, सेवाग्राम, सिंदी, बुटीबोरीकडून येणारे.* या बाजूची गाडी आधी अजनीला येते आणि मग नागपूर जंक्शनला. तुमचं काम वर्धा रोडवर, छत्रपती चौकात, जयप्रकाशनगरात किंवा विमानतळाकडे असेल तर अजनीलाच उतरा, मात्र तुमची गाडी तिथे थांबते याची खात्री असली पाहिजे. फरक मोजून पाहा. छत्रपती चौकाला जायचं आहे असं समजा. अजनीहून काँग्रेसनगरला चालत गेलात की तिथून तीन स्टेशनं, सहा मिनिटं, आणि मेट्रोची वाट एकदाच पाहायची. नागपूर जंक्शनला उतरलात तर आधी अ‍ॅक्वा लाइनने दोन स्टेशनं सीताबर्डीपर्यंत, तिथे मजला बदलून ऑरेंज लाइन, मग चार स्टेशनं. मेट्रोत बारा मिनिटं, बदलायला पाच मिनिटं आणि वाट दोनदा. दर वेळी दहा मिनिटं थांबावं लागलं तर एक रस्ता सोळा मिनिटांचा आणि दुसरा सदतीस मिनिटांचा. शिवाय अजनी ते नागपूर या शेवटच्या पट्ट्यात गाडी सिग्नलवर उभी राहिली तर तो वेळ वेगळाच.

सीताबर्डीला जाणाऱ्यांनाही अजनी सोयीचं पडतं: काँग्रेसनगरहून एकच स्टेशन. मेडिकल हॉस्पिटलला जाणाऱ्यांनी मात्र अजनीला उतरून काँग्रेसनगरच्या बाजूला वळू नये. पूर्वेकडून, मेडिकल चौकाच्या बाजूने बाहेर पडून ऑटो करावी. तिथे मेट्रोचा काही उपयोग नाही.

मिहान या उद्योगक्षेत्राकडे आणि एम्सकडे जाणाऱ्यांच्या डोक्यात खापरी रेल्वे स्टेशन येतं, कारण मेट्रोची खापरीकडची शेवटची स्टेशनं रेल्वेच्याच पट्ट्यात आहेत. पण खापरीला मोजक्याच गाड्या थांबतात. तुमची मेमू (कमी पल्ल्याची विजेवरची लोकल) किंवा पॅसेंजर तिथे थांबत असेल तर उत्तम, नाहीतर अजनीला उतरून काँग्रेसनगर ते खापरी ही नऊ स्टेशनं मेट्रोने मागे या. उलटं जातोय असं वाटेल, पण ऑटोच्या भाड्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि वेळही ठरलेला असतो. खापरीहून मिहानच्या आत जायला फिडर बस किंवा शेअर ऑटो लागतेच, त्याचा वेळ वेगळा धरा.

*काटोल, नरखेड, कळमेश्वरकडून येणारे.* ही गाडी उत्तरेकडून येते, त्यामुळे आधी नागपूर जंक्शन लागतं. गाडी अजनीपर्यंत जाते की नागपूरलाच संपते हे गाडीनुसार बदलतं. अजनीपर्यंत जात असेल आणि तुमचं काम वर्धा रोडवर असेल तर बसून राहा.

*भंडारा रोड, कामठी, कन्हान, रामटेककडून येणारे.* इथला फास वेगळा. या बाजूच्या काही मेमू नागपूर जंक्शनपर्यंत येतच नाहीत, इतवारीलाच संपतात. इतवारी स्टेशनचं आजचं अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी जंक्शन. वेळापत्रकात आणि अ‍ॅपवर हेच लांब नाव दिसतं, त्यामुळे "इतवारी" शोधून गाडी सापडली नाही तर गोंधळू नका. रामटेकची मेमूही इतवारीचीच. इतवारी स्टेशनसमोर मेट्रो नाही. तिथून ऑटो किंवा ई-रिक्षाने सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर यायचं आणि टेलिफोन एक्स्चेंज किंवा आंबेडकर चौकातून अ‍ॅक्वा लाइन पकडायची. हातात जड बोजा असेल तर हे अंतर चालण्याच्या भानगडीत पडू नका, मे महिन्यात तर अजिबात नाही.

तुमच्या वेळेला दोन गाड्या असतील, एक इतवारीला संपणारी आणि दुसरी नागपूर जंक्शनपर्यंत जाणारी, तर नागपूरवाली दहा मिनिटं उशिरा असली तरी तीच बरी. लकडगंज, गांधीबाग, मस्कासाथ या भागांत काम असणाऱ्यांचं मात्र उलटं. त्यांनी इतवारीलाच उतरावं, मेट्रोचा विचारच करू नये.

पास कुठपर्यंतचा काढायचा

स्टेशन ठरलं की मगच पास. बरेच जण आधी पास काढतात, मग महिनाभर चुकीच्या स्टेशनवर उतरत राहतात.

मासिक पास साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्याइतका बसतो आणि तो १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी मिळतो. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट. आठवड्यातून दोन दिवस तरी येत असाल तर पास वसूल होतो. तीन महिने नोकरी पक्की असेल तर तिमाहीच काढा.

लक्षात ठेवायचा नियम: पास दोन टोकांमधला असतो आणि मधल्या स्टेशनांवर उतरता येतं, टोकाच्या पुढे जाता येत नाही. वर्धा-नागपूर पासवर अजनीला उतरता येतं. वर्धा-अजनी पासवर नागपूरला गेलात तर तुम्ही विनातिकीट. काटोलहून अजनीला उतरणार असाल तर पास अजनीपर्यंतचाच हवा, नागपूरपर्यंतचा चालणार नाही. कामठी-इतवारी पासवर नागपूर जंक्शनला उतरणं हीच चूक नेहमी होते: मेमू उशिरा आहे म्हणून माणूस मागून आलेल्या दुसऱ्या गाडीत चढतो, गाडी नागपूरला जाते आणि गेटवर टीसी उभा असतो. दंड कमीत कमी २५० रुपये, वर भाडं. फरक थोड्या रुपयांचा असतो, म्हणून दोन्ही स्टेशनं वापरायची शक्यता असेल तर लांबच्या टोकाचाच पास काढा.

साध्या पासवर सुपरफास्टमध्ये बसता येत नाही, त्यासाठी सुपरफास्ट अधिभार भरलेला पास लागतो. आरक्षित डब्यात हा पास चालत नाही. वंदे भारतमध्ये तर प्रश्नच नाही. पासवर लिहिलेलं ओळखपत्र खिशात असू द्या, त्याशिवाय पास अपुरा धरला जातो. रेलवन अ‍ॅपवर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, त्यामुळे पास संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फलाटावर उभं राहून नूतनीकरण करायला जाऊ नका. आदल्या दिवशी रात्री घरूनच करा.

आणि एक गोष्ट स्पष्ट असावी: रेल्वेचा पास मेट्रोत चालत नाही, मेट्रोचं कार्ड रेल्वेत चालत नाही. दोन व्यवस्था, दोन तिकिटं, दोन तपासण्या.

मेट्रोचं तिकीट

रोज येणाऱ्याने महाकार्ड घ्यावं. भाड्यात सूट मिळते हा फायदा आहेच, पण खरा फायदा रांगेचा. सकाळी मेमू रिकामी झाली की पाच मिनिटांत दीड-दोनशे माणसं तिकीट खिडकीसमोर येतात. कार्डवाला सरळ गेटवर जातो. कार्डात आठवडाभर पुरेल इतकी रक्कम रविवारी भरून ठेवा. सोमवारी सकाळी रिचार्जच्या रांगेत उभं राहिलात तर कार्ड घेऊन काही मिळवलं नाहीत. कॉलेजात जाणाऱ्यांनी विद्यार्थी सवलतीच्या कार्डाची चौकशी स्टेशनच्या ग्राहक कक्षात करावी.

मोबाइलवरचं क्यूआर तिकीट कधीतरी येणाऱ्यासाठी ठीक. त्याचे तीन त्रास आहेत: गेटवर स्क्रीन अंधूक असली की कोड वाचला जात नाही, स्क्रीनच्या काचेला तडा गेलेला असला तरी तोच प्रकार, आणि बाहेर पडतानाही तोच कोड लागत असल्यामुळे मध्येच बॅटरी संपली की अडकलात. फोनची चार्जिंग दहा टक्क्यांवर असेल तर खिडकीवरून कागदी तिकीट घ्या.

तपासणीत बॅग स्कॅनरमधून जाते. सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर मंडळींनी धारदार अवजारं पेटीत नीट बांधून ठेवावीत आणि विचारलं तर उघडून दाखवावीत, तरी अडवलं जाण्याची शक्यता धरूनच चालावं. कामाच्या जागी अवजारं ठेवायची सोय असेल तर रोज वाहू नका. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खिशात घेऊन मेट्रोत जाऊ नका. तपासणीत काढून टाकायला लावतात, आणि आत थुंकणं हा दंडनीय गुन्हा आहे.

नागपूर जंक्शन: फलाटापासून मेट्रोच्या गेटपर्यंत

इथे लक्ष देऊन वाचा. नागपूर जंक्शनची जुनी दगडी इमारत, १९२५ मध्ये सुरू झालेली, पश्चिमेला आहे. फलाट क्रमांक १ त्या बाजूला. वर्षानुवर्षांच्या सवयीने माणसं तिकडेच बाहेर पडतात. मेट्रो स्टेशन मात्र पूर्वेला, संत्रा मार्केटच्या बाजूला आहे. म्हणजे फलाट क्रमांक ८ कडे.

गाडी कोणत्याही फलाटावर लागली तरी पादचारी पुलावर चढल्यावर वळण एकच: फलाटांचे आकडे वाढत जातात त्या दिशेला. एक, दोन, तीन असे आकडे कमी होताना दिसले तर तुम्ही उलटे निघालात. पश्चिमेला बाहेर पडल्यावर चूक लक्षात आली तर रामझुला उड्डाणपुलावरून पलीकडे जाण्यापेक्षा परत पुलावरून या, ते जवळ पडतं. पासधारकाला पुन्हा आत यायला अडचण नसते. साधं तिकीट असेल आणि गेटवर ते घेतलं गेलं असेल तर प्लॅटफॉर्म तिकीट लागेल.

स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम चालू असल्यामुळे कधी एखादा पूल, जिना किंवा दरवाजा बंद असतो. म्हणून पहिल्या आठवड्यात दोन वेगवेगळे पूल वापरून पाहा, दोन्हींचा वेळ घड्याळावर मोजा आणि डायरीत लिहून ठेवा. मोजताना सुरुवात गाडी थांबल्यापासून करा आणि शेवट मेट्रोच्या फलाटावर पाय ठेवल्यावर. डब्यातून उतरायला लागणारा वेळ, जिन्यावरची कोंडी, तपासणी, सगळं त्यात आलं पाहिजे. फक्त चालण्याचा वेळ मोजला तर आकडा सहज चार-पाच मिनिटांनी कमी येतो.

डबा निवडणं ही अप-डाउनवाल्यांची जुनी कला. जो पूल वापरणार त्याच्या जिन्यासमोर कोणता डबा थांबतो ते तीन-चार दिवस पाहा आणि गावाहून चढतानाच त्या डब्यात बसा. गर्दीच्या मेमूत सगळे उतरून जिन्यावर येईपर्यंत पुलाच्या तोंडाशी जी रांग लागते, तिच्यात पहिला आणि शेवटचा यांच्यात सहज पाच मिनिटांचा फरक असतो. तेवढ्यात एक मेट्रो निघून जाते.

प्रत्येकाने मेट्रोच घेतली पाहिजे असंही नाही. सिव्हिल लाइन्स, हायकोर्ट, विधान भवन, रिझर्व्ह बँक चौक इथे काम असेल तर पश्चिमेलाच बाहेर पडा आणि चाला किंवा शेअर ऑटो घ्या. पूर्वेला जाऊन, अ‍ॅक्वाने बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला येऊन, तिथून ऑरेंजने पुन्हा उत्तरेला झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्कला जाणं म्हणजे स्टेशनलाच अर्धी प्रदक्षिणा घालणं. इंदोरा, कडबी चौक, नारी रोडला जाणाऱ्यांनीही हा पर्याय तपासावा: पश्चिमेकडून बाहेर पडून साधारण किलोमीटरभरावरचं कस्तुरचंद पार्क गाठायचं आणि तिथून एकच गाडी. पाय चांगले असतील आणि ऊन नसेल तर हा मार्ग बर्डीला गाडी बदलण्यापेक्षा बरा पडतो. मेयो हॉस्पिटल दोसर वैश्य चौकाला, म्हणजे एकच स्टेशन. पूर्वेच्या दरवाजातून तेवढ्यासाठी मेट्रोची वाट पाहण्यापेक्षा चालत जाणं सोपं.

मेट्रोच्या फलाटावर गाडीच्या टोकाचं नाव पाहा. बर्डी, शंकरनगर, हिंगण्याकडे जायचं तर "लोकमान्यनगर". सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू, वर्धमाननगर, पारडीकडे जायचं तर "प्रजापतीनगर". ऑरेंजवर "खापरी" आणि "ऑटोमोटिव्ह चौक".

बर्डीला गाडी बदलणं

सीताबर्डीला दोन्ही मार्गिका वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. गेटबाहेर पडायचं नाही, आतल्या आत सरकत्या जिन्याने किंवा लिफ्टने मजला बदलायचा. गेटबाहेर पडलात की प्रवास संपला आणि पुन्हा आत शिरलात की नवीन भाडं. रंग पाहत चाला: केशरी पट्टे ऑरेंज लाइनचे, निळसर अ‍ॅक्वाचे. पाच मिनिटं धरा, सोबत म्हातारी माणसं असतील तर लिफ्टची वाट धरून आठ. "आपली बस" ही शहर बस किंवा एसटी पकडायची असेल तर मोरभवन बसस्थानकासाठी झाशी राणी चौक जवळ पडतो, बर्डीला उतरू नका.

वेळेचा हिशेब कसा मांडायचा

कागदावर सहा ओळी लिहा: गाडीचा नेहमीचा उशीर, फलाट ते मेट्रो, मेट्रोची वाट, मेट्रोतला वेळ, बर्डीला बदल असेल तर तो आणि दुसरी वाट, शेवटचं चालणं. मेट्रोची वाट सरासरी धरू नका, पूर्ण धरा. गाड्या दहा मिनिटांनी असतील तर दहा, पंधराने असतील तर पंधरा. सरासरी धरली तर महिन्यातले निम्मे दिवस उशीर ठरलेलाच.

उशीर मात्र अंदाजाने लिहू नका. तुमच्या गाडीची दोन आठवड्यांची प्रत्यक्ष पोचण्याची वेळ रोज टिपून घ्या. बारा कामाच्या दिवसांपैकी सगळ्यात वाईट दोन दिवस सोडून द्या आणि उरलेल्यांतला सगळ्यात मोठा उशीर हिशेबात धरा. यातून निघणारी वेळ तुमच्या साहेबाला सांगण्याजोगी असते.

उशीर का होतो, तर नागपूर चारही बाजूंच्या गाड्यांचं जंक्शन आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशातले दोन मोठे प्रवाह इथे एकमेकांत मिसळतात आणि रूळ एकमेकांना छेदतात. एक लांब पल्ल्याची गाडी किंवा कोळशाची मालगाडी पुढे काढायची असेल तर मेमूला आउटरला, म्हणजे स्टेशनबाहेरच्या सिग्नलला उभं करतात, कारण छेदणाऱ्या रुळांवरून एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. वर्ध्याकडून मुंबई आणि बल्लारशा या दोन्ही बाजूंची वाहतूक एकाच पट्ट्यात येते, म्हणून तिकडे जादा मार्गिकांचं काम हाती घेतलं आहे. अशा कामांच्या शेवटी सिग्नल यंत्रणा जोडायला जेव्हा ब्लॉक घेतात, म्हणजे काही वेळ वाहतूक बंद ठेवतात, तेव्हा मेमू रद्द होतात किंवा अलीकडेच संपवल्या जातात. ही सूचना आधी निघते. आठवड्यातून एकदा रेल्वेच्या चौकशी अ‍ॅपवर किंवा १३९ वर तपासा.

परतीचा प्रवास

सकाळी एक मेट्रो चुकली तर दुसरी येते. संध्याकाळी मेमू चुकली तर कधी दोन तास, कधी रात्र. म्हणून परतीचा हिशेब वेगळा: हिशेबाने जी शेवटची मेट्रो चालेल असं वाटतं, तिच्या आधीची पकडा. नागपूर रेल्वे स्टेशनवर उतरल्यावर तुम्ही पूर्वेच्या बाजूला असता आणि तुमची गाडी फलाट १ किंवा २ वर लागली तर पूर्ण पूल ओलांडायचा असतो. गाडीचा फलाट मेट्रोतून उतरण्याआधीच फोनवर पाहून ठेवा, आणि पुलावर चढल्यावर उद्घोषणा ऐका. ऐनवेळी फलाट बदलला जातो.

वर्ध्याकडच्या गाडीत बसायला जागा हवी असेल तर नागपूरला चढा. अजनीला गाडी येते तेव्हा ती भरलेली असते. उभं राहायची तयारी असेल तर अजनी चालेल. अजनीचा फायदा हा की तिथे गाडी नागपूरनंतर येते, त्यामुळे हातात काही मिनिटं जास्त असतात. छत्रपती चौकातून निघालेल्या माणसाला ही मिनिटं फार उपयोगी. मेट्रो रात्री दहापर्यंत असते. रात्रपाळीवाल्यांनी दहानंतरचा ऑटोचा खर्च महिन्याच्या हिशेबात धरून ठेवावा.

वर्षातले अडचणीचे दिवस

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा मोर्चे आणि बंदोबस्तामुळे बर्डी, झिरो माइल, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद होतात. त्या दिवसांत ऑटोचा विचार सोडा, मेट्रोच खरी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. अजनी, काँग्रेसनगर आणि रहाटे कॉलनी या स्टेशनांवर त्या दोन-तीन दिवसांत दुप्पट वेळ धरा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत-बडग्याची मिरवणूक महाल-इतवारी भागातून निघते, तेव्हा इतवारी स्टेशनहून ऑटोने सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू गाठणं कठीण होतं. त्या दिवशी नागपूर जंक्शनपर्यंत जाणारी गाडी घ्या. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतल्या धुक्यामुळे दिल्लीकडच्या गाड्या तासन्‌तास उशिरा येतात आणि काटोल-नरखेडच्या लोकल गाड्या त्यांच्या मागे अडकतात. मे महिन्यात प्रश्न उन्हाचा असतो. पंचेचाळीस अंशांत दहा मिनिटं चालणं हा वेगळाच हिशेब आहे, दुपारी बाराच्या पुढे पोचणाऱ्याने कमी चालायचा मार्ग निवडावा, पाच मिनिटं जास्त लागली तरी.

मेमूच थेट मेट्रोच्या रुळांवर का नाही

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. रेल्वेचा रूळ ब्रॉडगेज, दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. मेट्रो स्टँडर्ड गेज, १४३५ मिलिमीटर. मेमूचा डबाही मेट्रोच्या सुमारे २.९ मीटर रुंदीच्या डब्यापेक्षा बराच रुंद, तो मेट्रोच्या फलाटाला घासेल. विजेचा दाब दोन्हीकडे २५ हजार व्होल्टच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. २०१८ मध्ये ज्या ब्रॉडगेज मेट्रोचा करार झाला, ती रेल्वेच्याच रुळांवरून वर्धा, काटोल, भंडारा रोड, रामटेककडे धावणारी योजना होती. ती गाडी आली तरी स्टेशनवर उतरून मेट्रोत चढणं सुटणार नाही, म्हणजे वरचा सगळा हिशेब तसाच लागू राहील.

फरक पडणार आहे तो मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याने. त्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, लांबी ४३.८ किलोमीटर, ३२ स्टेशनं. ऑटोमोटिव्ह चौकापासून कामठीतून कन्हान नदीपर्यंत, मिहानपासून बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत, लोकमान्यनगरपासून हिंगण्यापर्यंत आणि प्रजापतीनगरपासून ट्रान्सपोर्टनगरपर्यंत. तो सुरू होईपर्यंत कामठीकरांनी दोन्ही रस्ते एकेक आठवडा मोजून पाहावेत: मेमूने नागपूर जंक्शन, किंवा बस-शेअर ऑटोने ऑटोमोटिव्ह चौक आणि तिथून ऑरेंज लाइन. ऑटोमोटिव्ह चौक हे मार्गिकेचं टोक असल्यामुळे तिथे सकाळी बसायला जागा मिळते, आणि इंदोरा ते बर्डीपर्यंतच्या कामासाठी तोच रस्ता बहुतेक वेळा लवकर पोचवतो.